गोंदाची दुसरी फेक

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोण राजा होता हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. पण त्याच्या राज्यात एक खेळ होता, तो मात्र सांगणाऱ्यांच्या लक्षात राहिला. मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब, प्रत्येक खांबाला वेताची एक कडी, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच गडी. चामड्याचा चेंडू समोरच्यांच्या कडीतून पार केला की एक गुण. कुणी धक्का मारून पाडलं, तर पडलेल्याला मोकळ्या फेकी मिळायच्या. त्यानं रेघेवर उभं राहून निवांत फेकायचं, आडवं कुणी यायचं नाही.

दरवर्षी होळी झाली की गावागावांचे सामने व्हायचे. जिंकलेल्या गावाच्या गुरांना उन्हाळाभर राजाच्या कुरणात चरायला मिळायचं. शेवटचा सामना बरोबरीत सुटला, तर कुरण गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहायचं.

डोंगराखालच्या गावाचा म्होरक्या होता हैबती. बारा वर्षं तो खेळत होता. चेंडू घेऊन पळायला लागला की हरणासारखा पळायचा आणि पळता पळता फेकलेला त्याचा चेंडू बघणाऱ्याला कळायच्या आत कडीतून पार झालेला असायचा. रेघेवर उभं राहून मात्र त्याचा हात डळमळायचा. दहांतल्या सहा फेकी लागल्या तरी खूप.

त्याच्याच गटात गोंदा होता. अंगानं जाड, पायांनी मंद. त्याचा धंदा गवताच्या गंजी रचण्याचा. खाली उभं राहून दोन्ही हातांनी पेंढी झुलवायची आणि गंजीवरच्या माणसाच्या हातात अलगद पोचवायची, हे त्याचं रोजचं काम. चेंडूही तो तसाच फेकायचा. गुडघे वाकवून, दोन्ही हात पायांच्या मधून झुलवून, खालून वर. दिसायला ते इतकं विचित्र दिसे की बायका पदरात तोंड लपवून हसत. पण रेघेवरून गोंदाची फेक चुकलेली गावात कुणाला आठवत नव्हती.

"तू असा कसा रे फेकतोस?" कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "मला काय ठाऊक? पेंढी वर जाते, तसा चेंडू जातो."

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. माळ वेळेआधीच करपला होता. कुरण मिळालं तर गुरं जगतील, नाहीतर काही खरं नाही, हे घराघरांत माहीत होतं. आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच डोंगराखालचं गाव शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं. समोर होतं नदीपलीकडचं गाव, गेल्या वर्षीचं विजेतं.

राजा स्वतः बघायला आला. मैदानाच्या कडेला मांडव घातला होता. खेळ असा रंगला की एक गुण इकडे, तर लगेच एक तिकडे. खेळ संपल्याचा नगारा वाजायला अगदी थोडा वेळ उरला, तेव्हा डोंगराखालचं गाव एका गुणानं मागे होतं. तेवढ्यात पलीकडच्या एका गड्यानं गोंदाला खांद्यानं ढकललं आणि गोंदा धाडकन आपटला.

पंचांनी हात वर केला. "दोन मोकळ्या फेकी!"

गावाचा जीव भांड्यात पडला. गोंदा रेघेवर! आता काळजीच नाही.

गोंदा उठला, धूळ झटकली, गुडघे वाकवले, हात झुलवले. चेंडू वर गेला आणि कडीच्या मधोमध उतरला. बरोबरी झाली. पण त्याच्या गावाच्या आरोळीपेक्षा मांडवातलं हसणं मोठं होतं. पलीकडची पोरं पाय फाकवून त्याची नक्कल करत होती. मांडवातला एक सरदार शेजाऱ्याला म्हणाला, "यांना धड फेकायला शिकवणारा कुणी नाही वाटतं?"

हैबती मांडवाजवळच उभा होता. ते शब्द त्याला झोंबले. इतकी वर्षं म्होरकेपण केलं, आणि राजासमोर आपल्या गड्याचं हसं व्हावं! त्याचे कान तापले. तो झपाझप चालत रेघेपाशी गेला.

"गोंदा, ऐक. आता ही फेक नीट टाक. चेंडू खांद्यावर घे, एका हातानं, माझ्यासारखा. कोपर सरळ ठेव, मनगट झटक, बस."

गोंदानं गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. "पण दादा, मला असंच जमतं."

"अरे, राजा बघतोय. सगळे हसताहेत. जिंकायचं तर मानानं जिंकू. मी सांगतो ना!"

गोंदानं एकदा कडीकडे पाहिलं, एकदा हैबतीकडे. हैबतीचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं चेंडू खांद्यावर घेतला. कोपर सरळ केलं. चेंडू एका तळहातावर नीट बसत नव्हता, ते हैबतीला दिसलं. त्या क्षणी 'थांब' म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण म्होरक्यानं शब्द फिरवायचा कसा?

चेंडू कडीच्या काठावर आपटला आणि बाहेर पडला. नगारा वाजला. कोणीही हसलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. कुरण नदीपलीकडे राहिलं.

परतीच्या वाटेवर लोक गोंदाला वाट्टेल ते बोलले. "राजासमोर मिरवायची हौस आली याला!" "नको तेव्हा थेरं सुचली!" गोंदा खाली मान घालून चालला. हैबतीनं सांगितलं म्हणून तसं फेकलं, एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. तो बोलला नाही. हैबतीही बोलला नाही.

घरी हैबतीला त्याच्या बायकोनं, तान्हूबाईनं विचारलं, "फेकीआधी तुम्ही त्याच्याशी काय बोलत होता हो?"

"धीर धर म्हणालो," हैबती म्हणाला आणि ताटावरून उठला.

चैत्र संपेपर्यंत माळावर काडी उरली नाही. गुरं घेऊन गाव चार दिवसांच्या वाटेवरच्या खोऱ्याकडे निघालं. वाटेत बरीच जनावरं गेली. गोंदाची गाभण गाय तिसऱ्या दिवशी दुपारी बसली, ती उठली नाही. गोंदा तिच्या तोंडाशी भिजवलेल्या गवताची मूठ धरून बसला होता. मागून येणाऱ्यांपैकी एकानं जाता जाता टोमणा मारला, "भोग आता आपल्याच फेकीची फळं!"

हैबतीनं ते ऐकलं आणि त्याचे पाय पुढे पडेनात. तो भर रस्त्यात उभा राहिला आणि साऱ्या गावाला थांबवून मोठ्यानं म्हणाला, "त्याला बोलू नका. तसं फेकायला मी सांगितलं. तो नको म्हणत होता. मला लोकांच्या हसण्याची लाज वाटली, म्हणून मी त्याला भरीस घातलं. आणि इतके दिवस गप्प बसलो."

तान्हूबाई नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. मग कुणी हैबतीला शिव्या दिल्या, कुणी गोंदाची माफी मागितली. गोंदा एवढंच म्हणाला, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, दादा?"

पाऊस आला, वर्ष गेलं, पुन्हा सामने जवळ आले. हैबतीनं म्होरकेपण सोडलं होतं. तो गोंदाच्या दारी गेला आणि हात जोडून म्हणाला, "चल, तुझ्या पद्धतीनं फेक. कोण हसतो ते मी बघतो."

दोघं मैदानावर गेले. गोंदा रेघेवर उभा राहिला. गुडघे वाकवले, हात झुलवले. चेंडू कडीला लागून बाहेर गेला. दुसराही गेला. तिसरा कडीपर्यंत पोचलाच नाही. हैबती एकेक चेंडू पळत जाऊन आणत होता, पुसून त्याच्या हातात देत होता. वीस झाले, तीस झाले.

शेवटी गोंदानं चेंडू खाली ठेवला.

"राहू द्या, दादा. आधी मी फेकताना काहीच ऐकत नव्हतो. आता हात झुलवला की तुमचा आवाज येतो, कोपर सरळ ठेव. मग हात कुणाचं ऐकणार?"

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तो शब्द परत घेतो रे, गोंदा."

"घ्या की," गोंदा हळूच म्हणाला. "पण मला तो अजून ऐकू येतो."

गोंदा पुन्हा कधी खेळला नाही. डोंगराखालचं गावही पुन्हा कधी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं नाही. हैबती पुढे पुष्कळ जगला. लोक त्याच्याकडे सल्ला विचारायला येत, तेव्हा तो बहुतेक वेळा काही न सांगता त्यांना तसंच परत पाठवी.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, सल्ला समोरच्याच्या भल्यासाठी देतोय की आपली लाज झाकण्यासाठी, हे आधी स्वतःला विचारावं आणि मगच तोंड उघडावं.