सात गाद्या

“उतरणार आहात की नाही?”

शाल्मलीनं तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या हातात तालुक्याच्या डॉक्टरांचा कागद होता.

गादीवर बसलेले सोमगीर महाराज खोकत होते. खोकला थांबला की श्वास शोधत होते.

“काय म्हणतो कागद?”

“फुफ्फुसांना सूज आहे. जंतूंची नाही, ॲलर्जीची. श्वासाबरोबर रोज काहीतरी आत जातंय. डॉक्टर म्हणाले, ते शोधा आणि लांब करा. नाहीतर फुफ्फुसं कडक होतील, मग औषधालाही जुमानणार नाहीत.”

“मग, शोधलंस?”

“तुम्ही त्याच्यावरच बसलाय.”

दारात उभे असलेले थोरले शिष्य विश्वगीर कळवळले. “जीभ आवर, पोरी! मठाची गादी आहे ती. सात महंतांची.”

“तेच तर म्हणतेय मी!”

मठाची रीतच तशी होती. महंत गेले तरी त्यांची गादी काढायची नाही. तिच्यावरच नव्या महंतांची घालायची. एकावर एक सात झाल्या होत्या. मागच्या भिंतीला बारमाही ओल. आणि गादी उन्हात टाकणं म्हणजे पाप.

शाल्मली कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मठात आली होती, आणि आल्यापासून डोळे उघडे ठेवून होती. महाराज आठ दिवस इस्पितळात राहिले, खोकला पळाला. परत आले, सकाळी गादीवर बसले. संध्याकाळी ताप आणि धाप.

ती विश्वगीरांकडे वळली. “आधीचे महंत कशानं गेले?”

“खोकल्यानं. त्यांच्या आधीचेही. आम्ही त्याला गादीचा प्रसाद म्हणतो.”

“प्रसाद कसला, बुरशी आहे ती!”

आता जुंपणार, हे तिला ठाऊक होतं. वडीलधाऱ्यांशी भांडण्यात तिची बावीस वर्षांची हयात गेली होती. पुढची दहा वाक्यं ओठांवर तयार होती.

महाराज हात टेकून उठले आणि खाली उतरले.

शाल्मलीची दहाच्या दहा वाक्यं तोंडातच राहिली. “एवढंच?”

“उतरा म्हणालीस ना?”

“मग इतकी वर्षं का नाही उतरलात?”

“जो आला तो पाया पडला आणि म्हणाला, बसा महाराज. उतरा असं कुणी म्हणालंच नाही.”

तिनं महाराजांना लांब लिंबाखाली नेऊन बसवलं. ओली ओढणी नाकातोंडाला घट्ट बांधली आणि गाद्या ओढायला घेतल्या. वरची मळकी. तिच्याखालची करडी. पुढच्या काळ्या, हात लावला की भुकटी उडणाऱ्या.

सगळ्यात खालची लहानशी होती. कापड कुजलं होतं, पण टाके अजून दिसत होते. बारीक, एकसारखे. कुणीतरी फार मायेनं घातलेले.

ओढ्यापलीकडे नेऊन तिनं सगळ्या जाळल्या. विश्वगीर रडले. पण शेवटच्या दोन त्यांनीच, तोंडाला पंचा बांधून, उचलून नेल्या.

महिना गेला.

महाराज आता धुतलेल्या फरशीवर बसत. खिडक्या उघड्या असत. छातीतली शिट्टी थांबली. एके सकाळी त्यांनी शाल्मलीला हाक मारली, ती थेट विहिरीवर ऐकू गेली. मधे दम न घेता मारलेली हाक!

भरलेली घागर तिथंच ठेवून ती आधी पोटभर रडली, मग पोटभर हसली.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवा कापूस आणला. तीन दिवस कडक उन्हात वाळवला. स्वतः गादी शिवली. बारीक टाके, एकसारखे.

फरशीवर ती अंथरून शाल्मलीनं हात जोडले. मठात आल्यापासून पहिल्यांदाच.

“आता खुशाल बसा, महाराज.”

महाराजांनी त्या टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं…

“सगळ्यात खालची होती ना, पोरी… तीही नवीच होती.”