मुंगसांनी सोडलेलं मंडळ

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फार पूर्वी एका तळ्याकाठी मुंगसं, ससे, साळिंदरं आणि खारी यांचं कबड्डीचं मंडळ होतं. एके वर्षी नदीपलीकडच्या बिबट्यांनी मुंगसांना आपल्या मोठ्या मंडळात बोलावलं. मुंगसांचा कप्तान लगेच तयार झाला.

"लेका, तुम्ही गेलात की तीनच संघ उरतात. जोड्या कशा लावायच्या?" म्हाताऱ्या सशानं विचारलं.

"सशांना हरवून आमचं नाव होत नाही, आजोबा," कप्तान म्हणाला, आणि त्याचे गडी खदाखदा हसले.

नदीपलीकडे पोचायलाच दोन दिवस लागायचे. दमलेली मुंगसं प्रत्येक सामना हरली. बिबटे त्यांना "ए शेपट्या" अशी हाक मारायचे. हंगाम संपल्यावर कप्तान लंगडत परतला, तर तळ्याकाठच्या मैदानात गवत माजलं होतं. जोड्या न जमल्यानं खेळच मोडला होता.

म्हातारा ससा तिथेच बसला होता. त्यानं कप्तानाचा फुटलेला गुडघा पाहिला आणि दगडीपाला चुरगळून त्यावर लावला. हरलेल्याला पाला जिंकणाऱ्यानं लावायचा, अशी तळ्याकाठची रीत होती. ससा तर वर्षभर खेळलाच नव्हता.

"झोंबतंय का रे?"

"नाही," कप्तान कसाबसा म्हणाला. त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच साळिंदरांच्या बिळापाशी गेला.

"कोण, बिबट्यांचे पाहुणे का?" आतून आवाज आला.

"चुकलो आम्ही. परत खेळायला घ्याल का, एवढंच विचारायला आलोय."

तो बराच वेळ थांबला, आणि मग खारींना विचारायला त्यांच्या झाडाकडे निघाला.