हातभर वाळू

"आता तरी म्हणाल ना बाबा, खाडी साफ झाली?" श्रीरंगने विचारलं.

दर्ग्याच्या पायरीवर बसून बशीरबाबा ओहोटीकडे पाहत होते. हातातल्या बशीत चहा हिंदकळत होता.

"हात फार थरथरतोय तुमचा. वय झालं."

"हौसा कोळिणीच्या मुलीचाही थरथरतो," बाबा म्हणाले. "तिचंही वय झालं. सात."

याच पायरीशी श्रीरंग वाढला, पोहायला बाबांकडूनच शिकला आणि आता साहेब होऊन आला होता. वरच्या कारखान्याने वर्षानुवर्षं खाडीत पारा सोडला, तो माशांतून गावाच्या अंगात उतरला आणि हात थरथरू लागले. पुढे कारखान्याला टाळं लागलं, पारा मात्र गाळात बसून राहिला. दोन वर्षं राबून श्रीरंगने त्या गाळावर स्वच्छ वाळू अंथरली होती. आज त्याची सही झाली की मासेमारीवरची बंदी उठणार होती. धक्क्यावर बायका सकाळपासून टोपल्या घेऊन बसल्या होत्या.

"पाणी तीनदा तपासलंय. विष गाडलं मी, बाबा. हातभर वाळूखाली."

"चल, दाखव तुझी वाळू."

दोघं खाली उतरले. वाळू पांढरीशुभ्र होती. पण तिच्यात जागोजाग बिळं पडली होती, आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी खालच्या काळ्या गाळाचा ओला ढीग होता.

"चिंबोऱ्या…" श्रीरंग पुटपुटला.

"बीळ किती खोल असतं रे?"

त्याला ठाऊक होतं. नवव्या वर्षी बाबांनीच त्याला चिखलात पालथं झोपवून बिळात हात घालायला शिकवलं होतं. खांदा चिखलाला टेकला की मग कुठे बोटांना खेकड्याची नांगी लागायची.

"खांद्यापर्यंत."

"आणि वाळू?"

श्रीरंगने कोपराला बोट लावलं.

"नकाशात चिंबोरी नव्हती वाटतं," बाबा म्हणाले.

धक्क्यावरून हौसाची हाक आली, "ओ साहेब, झाली का सही? का पेनाला पण ओहोटी लागली?"

बायका हसल्या.

"घाल हात," बाबा म्हणाले. "पहिली चिंबोरी पिराला, मग गावाला. रीत विसरला नाहीस ना?"

श्रीरंगने बाही खांद्यापर्यंत सारली. गुडघे टेकले. हात बिळाच्या तोंडाशी नेला. काळा ढीग बोटांना लागणार, तोच हात थांबला.

"गाडीतून हातमोजा आणतो," तो मान खाली घालून म्हणाला.

"आण," बाबा म्हणाले. "गावाला पुरतील एवढे आण. त्यांना पोटात घालावे लागतील."