घोडीवरचा दोरा

“मग बिघाड आहे तरी कुठे?” देवस्थळी सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचांनी तंबोऱ्याच्या चारही तारांवरून पुन्हा बोट फिरवलं. आवाज निघाला, पण कोरडा, पत्र्यावर टिचकी मारावी तसा.

“भोपळा बरा हाय. खुंट्या बऱ्या हायत. तारा तर नव्या हायत…”

“मग?”

चाचांनी तंबोरा उजेडाकडे वळवला.

मिरजेतल्या त्या गल्लीत चाचांनी साठ वर्षं तंबोरे केले, पण गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून त्यांचा हात कधी भरभर चालला नाही. सर मात्र दुकानाच्या पायरीवर टेकले, उठले, पुन्हा टेकले. सांगलीहून येताना त्यांनी एक पुस्तक आठ पानं वाचून मिटलं होतं, कानात एक गाणं लावून अर्ध्यावर तोडलं होतं आणि दुसरंही तसंच. हल्ली त्यांचं सगळंच असं अर्ध्यावर.

एके काळी असं नव्हतं. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका साप्ताहिकात ‘सध्या’ नावाचं सदर लिहू लागले. सध्या काय वाचतो, काय ऐकतो, कुठल्या टपरीवरचा आल्याचा चहा जिभेवर रेंगाळतो… लोकांना आवडलं, पत्रं आली. सरांनी मग दोऱ्यानं शिवलेली जाडजूड वही घेतली आणि आपल्या आनंदांना नंबर द्यायला लागले. आकडा दोनशे अकरावर गेला.

नंबर वाढले तशी चव गेली. वाक्य जुळेपर्यंत चहा निवलेला, आणि वाक्य जुळलं की चहा कसा होता तेच आठवेना. ही गोष्ट सरांनी कुणालाच सांगितली नव्हती. वाचकांना तर नाहीच नाही.

एकच आनंद बिननंबरी राहिला होता. त्यांची बायको शरयूबाई रोज सकाळी अर्धा तास तंबोरा घेऊन गायला बसायच्या आणि सर पलीकडच्या खोलीत नुसते ऐकायचे. मग तेही वहीत गेलं. नंबर दोनशे बारा. सदराबरोबर फोटो हवा म्हणून सरांनी स्वतः तंबोरा पुसून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी शरयूबाईंनी एकदा तारा छेडल्या, नवऱ्याकडे पाहिलं, तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि तो कोपऱ्यात उभा करून ठेवला.

“बोलत नाही तो,” एवढंच म्हणाल्या.

त्याला आज वीस दिवस झाले होते. घरात सकाळ व्हायची, पण उजाडल्यासारखं वाटायचं नाही. ‘तो’ म्हणजे तंबोरा की आणखी कुणी, हे विचारायची सरांची छाती झाली नव्हती. तंबोरा उचलून चाचांकडे आणणं त्यापेक्षा सोपं होतं.

चाचांनी घोडीवर बोट ठेवलं. घोडी म्हणजे भोपळ्याकडची ती छोटी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात.

“हितलं दोरं कुणी काढलं?”

“दोरे?” सर आठवू लागले. “हां, ते होय! मीच काढले. सुताचे तुकडे अडकले होते तारांखाली. कचरा वाटला, ओढून टाकले.”

सर म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस. तंबोऱ्याच्या नादावर त्यांनी अख्खा लेख पाडला होता. आणि सूत तेवढं केराच्या टोपलीत!

चाचा हसले नाहीत.

“त्येला आमच्यात जीव म्हणत्यात, सर. तारंखाली घातला की आवाज उघडतो.”

सरांनी रिकाम्या घोडीवरून बोट फिरवलं.

“पण हिनं मला सांगितलं का नाही? हिला माहीत असणार…”

“वीस वर्सं येत्यात त्या माझ्याकडं. स्वतःच्या हातानं घालत्यात.”

“मग घातले का नाहीत?”

चाचांनी दोऱ्याचं रीळ आणि दाभण पुढ्यात ओढलं. सरांचा जीव वरखाली झाला. आणि त्याच क्षणी, सवय कुठली जायला, त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

“जीव… काय शब्द आहे, चाचा! थांबा हं, एवढं लिहून घेतो.”

त्यांनी मांडीवर वही उघडली. नंबर दोनशे तेरा.

“वही बघू,” चाचा म्हणाले.

सरांनी कौतुकानं दिली. चाचांनी एकही ओळ वाचली नाही. वही उलटी धरली, दाभणाचं टोक शिवणीत घातलं आणि सर्रकन दोरा ओढून काढला.

“अहो! अहो चाचा, हे काय करताय? रीळ तर समोरच आहे तुमच्या!”

“हाय की.”

पानं सुटी झाली. पंख्याचा वारा लागला तशी दुकानभर उडायला लागली. आल्याचा चहा कोपऱ्यात गेला, दोन पुस्तकं लाकडाच्या भुश्यात पडली. चाचांनी दातांनी दोऱ्याचे चार तुकडे केले आणि तीन तारांखाली तीन घातले. चौथा सरांपुढे धरला.

“खर्जाचा तुम्ही घाला.”

“मी? मला कुठं येतं…”

“तारंखाली धरा. सरकवत ऱ्हावा. आवाज उघडला की थांबा.”

सरांनी दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. चाचा तार छेडू लागले. बंद. सरांनी दोरा किंचित पुढे नेला. अजून बंद. तेवढ्यात दोनशे बारावं पान पायरीवरून खाली उतरलं. सर अर्धे उठले, चिमूट सुटली, दोरा घसरला.

चाचा थांबले…

सरांनी पानाकडे पाहिलं. मग परत खाली बसले आणि दोरा धरला.

बंद. बंद. आणखी केसभर पुढे… आणि तार उघडली. बंद खोलीची खिडकी उघडावी तसा खर्ज पसरला, सरांच्या गुडघ्याखालच्या फरशीपर्यंत गेला. चाचा चारही तारा छेडत राहिले. रोज सकाळी पलीकडच्या खोलीतून यायचा तोच हा नाद होता. सरांना रडू आलं. त्याचं वाक्य काही झालं नाही.

किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. बाहेर दोनशे बारावरून एक सायकल गेली, तेही नाही.

चाचांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि तो सरांच्या हातात दिला.

सर दारापाशी थबकले. विखुरलेल्या पानांकडे बघत म्हणाले, “आणि माझी वही, चाचा? तिला एखादा दोरा…”

चाचांनी रीळ उचललं, फळीवर ठेवलं.

“जीव एकच होता, सर.”