काकडं न घातलेली भाजी

एकदा एका वृद्ध वैद्यबाबांच्या दोन शिष्यांपैकी एकाला कीर्ती लाभली आणि दुसरीला मत्सर. ही गोष्ट त्या दुसरीची, कारण कीर्तीविषयी सांगण्यासारखे फार नसते.

तिचे नाव हेमांगी. सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या गावात बाबांच्या मागे मागे डोंगर चढत ती रानभाज्या ओळखायला शिकली, आणि जे शिकली ते आपल्या ब्लॉगवर लिहू लागली. भाजी स्वतः खुडायची, शिजवायची, खायची आणि मग लिहायचे, अशी तिची रीत. महिन्याकाठी दोन लेख झाले तरी डोक्यावरून पाणी! तरीही वाचक येत, त्यांच्यामागून जाहिराती येत, आणि संसाराला हातभार लागे.

मग निनादने ब्लॉग काढला. निनाद तिचा गुरुबंधू. पहिल्याच टेपाडावर धापा टाकत बसणारा. तो एआयला नुसता विषय सांगे आणि ते यंत्र त्याला क्षणात लेख काढून देई. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक! पाहता पाहता हेमांगीचे वाचक तिकडे वळले. तालुक्याच्या रानभाजी महोत्सवात प्रमुख पाहुणा म्हणून त्याच्या गळ्यात हार पडला, तेव्हा ती मंडपात मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. हात टाळ्या वाजवत होते आणि डोळे त्या हारावर खिळले होते.

त्या दिवसापासून निनादचा प्रत्येक लेख ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागली. मत्सरी माणसाइतका निष्ठावान वाचक शोधून सापडायचा नाही! "मेल्याला टाकळा कोणता नि मेथी कोणती ते सांगता यायचं नाही, आणि म्हणे तज्ज्ञ!" असे स्वतःशी पुटपुटत ती वाची, आणि वाचून झाल्यावर तिला जेवण गोड लागत नसे.

शेवटी एके सकाळी ती बाबांकडे गेली. ते ओसरीवर खलात औषध घोटत बसले होते.

"बाबा, मी ब्लॉग बंद करते."

"का गं पोरी?"

"कशाला लिहायचं? मी रानात पाय झिजवून एक लेख लिहिते, तोवर तो टोपलीभर काढतो. लोकांना त्यातलं डावं-उजवं कळत नाही. यात आता पोटही भरायचं नाही. आणि खरं सांगू? मला त्याचं बघवत नाही."

"हे शेवटचं मात्र अगदी खरं बोललीस," बाबा हसले. "त्याचे लेख वाचतेस?"

"एकूण एक."

"शेवळांचा?"

हेमांगी किंचित अडखळली. "वाचला."

"बरं. उद्या जेवायला ये. मग बंद कर."

दुसऱ्या दिवशी पानात शेवळांचीच भाजी होती. ज्येष्ठात रानात उगवणारे हे कोंब मोठे चविष्ट, पण अंगचे खाजरे. काकडं नावाची लहान, हिरवी, आंबट फळे ठेचून त्यात घातल्याखेरीज ती भाजी घशाखाली उतरू नये, हे त्या गावात शेंबडे पोरही जाणते. निनादही जाणत होता. पण स्वतःच्या नावावरचे लेख वाचायला त्याला सवड कुठली!

हेमांगीने वास घेतला आणि ती चपापली. "बाबा, यात काकडं नाहीत?"

"निनादच्या लेखात लिहिलेली नाहीत. मी तंतोतंत त्याप्रमाणे केली आहे." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि घास शांतपणे तोंडाकडे नेला.

हेमांगीने सटकन त्यांच्या हातावर फटका मारला. घास उडून भिंतीशी पडला.

"वेड लागलं का तुम्हाला? या वयात घसा सुजला म्हणजे?"

आपण गुरूंवर हात उगारला, हे मग तिच्या ध्यानात आले. तिचे कान तापले. बाबांनी हात पुसला.

"लेखातली ही चूक तुला केव्हा कळली?"

"आला त्याच दिवशी."

"मग?"

तिने भिंतीशी पडलेला घास उचलला. "म्हटलं, होऊ दे फजिती. एकदा तोंडावर आपटू दे त्याला. रोज उठून बघत होते, कुणी तक्रार केली का म्हणून."

"आज भाजी करताना मला दिसलं, त्या लेखाखाली एका बाईंनी काही लिहिलं आहे. वाच बघू मोठ्याने."

तिने फोन काढला. ते शब्द तिने आधीच वाचले होते. "'आमच्याकडे बाजारात शेवळं मिळाली! सासूबाईंना माहेरची फार आठवण येते. त्यांना न सांगता रविवारी करून वाढणार आहे.'"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे घासही न घेता खवखव हेमांगीला होती.

बाबा म्हणाले, "पोरी, यंत्राला घसा नाही. खवखव म्हणजे काय हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते चुकलं, त्याचा मला राग नाही. निनादने वाचलं नाही, त्याचा कान मी धरीन. पण तुला घसा असून तू गप्प बसलीस. माझ्यासाठी तुझा हात विचार न करता पुढे आला, तो त्या बाईसाठी का आला नाही? आपण लिहितो म्हणजे अनोळखी माणसाच्या तोंडाशी जाणारा घास पाहून ओरडतो. जोवर तुला असं ओरडावंसं वाटतं, तोवर तुझ्या लिहिण्याला मोल आहे. त्यावर पोट भरेल की नाही, ते मात्र मला विचारू नकोस. मी वैद्य आहे, ज्योतिषी नाही."

हेमांगीने तिथेच बसून त्या बाईंना काकडांविषयी लिहिले. मग निनादला फोन केला. "अगं, मी वाचलाच नाही तो लेख!" तो ओशाळून म्हणाला, आणि त्याने लेख काढून टाकला. त्याच्या आवाजातला ओशाळेपणा ऐकण्यासाठी ती इतके दिवस झुरत होती. आता तो ऐकून तिला काडीचेही सुख झाले नाही.

संध्याकाळी ती बाबांच्या ओसरीवरच होती, तेव्हा त्या बाईंचे उत्तर आले. 'ताई, रविवारीच केली होती. सासूबाईंचा घसा सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं. आता बऱ्या आहेत. तुमचा ब्लॉग मी पूर्वी वाचत असे. तुम्हाला हे आधी माहीत होतं का?'

तिने फोन बाबांपुढे धरला. बाबांनी उत्तर वाचले आणि फोन परत दिला.

'नाही' लिहिणे किती सोपे होते! कुणाला कळणार होते? हेमांगीने लिहिले, 'हो, माहीत होतं. ज्याचा लेख होता त्याचा मला हेवा वाटत होता, म्हणून मी बोलले नाही. माझं चुकलं.'

आता शिव्याच येणार, असे धरून ती बसली.

मग एक ओळ आली. 'सासूबाई विचारतात, नीट कशी करायची ते तुम्ही लिहाल का? त्यांना अजून खायची आहे.'

हेमांगीने डोळे पुसले आणि ती लिहायला बसली.