मार्थाबाईंची जनावरं

एका गावात एक भोळा गडी होता, सखाहरी. इतका भोळा, की बायकोनं दाराकडे लक्ष ठेवायला सांगितलं तर दिवसभर दाराकडेच बघत बसायचा. मागून शेळी पळाली तरी मान वळवायचा नाही.

त्या गावच्या दौलतरावांनी मळ्यात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. पहिली पाहुणी आली ती थेट विलायतेहून, मार्थाबाई. सखाहरीला तिच्या दिमतीला ठेवलं. बाई खूष होऊन गेली तर नोकरी कायम, असं ठरलं. बायको तुळसा, तिनं आधीच बजावलं होतं की ही नोकरी घालवलीस तर माझ्या दारात उभा राहू नकोस.

बाई मराठी शिकून आली होती. पण शब्द आपले आणि बोलायची तऱ्हा तिकडची. त्या इंग्रजांना सरळ बोलायला काय होतं कोण जाणे.

पहिल्याच सकाळी बाई म्हणाली, "माझ्या घशात बेडूक आहे."

सखाहरी चिमटा घेऊन आला. "आ करा."

बाईनं समजावलं की बेडूक नाही, घसा बसलाय, मध घालून गरम पाणी आण. सखाहरीनं मनाशी पक्कं केलं. बाईनं जनावराचं नाव काढलं की मध-पाणी.

दुपारी वळीव कोसळला. बाई खिडकीतून बघत म्हणाली, "कुत्री आणि मांजरं पडतायत."

सखाहरी मध-पाण्याची परात घेऊन अंगणात गेला आणि यू यू करत भिजत उभा राहिला. बाईनं त्याला ओढून आत आणलं. अरे, पाऊस जोराचा आहे असं म्हणायचं होतं, अशा वेळी छत्री आणतात. बरं. जनावराचं नाव काढलं की छत्री.

संध्याकाळी बाई म्हणाली, "मी आता अख्खा घोडा खाऊ शकते."

बाईच्या पोटात कावळे ओरडतायत आणि हा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा.

बाईनं कपाळाला हात लावला. जेवण झाल्यावर त्याला समोर बसवलं आणि तिकडच्या सगळ्या जनावरांचे अर्थ पढवले. आमच्या बोलण्यातलं जनावर खरं नसतं म्हणाली. गवतातला साप म्हणजे गोड बोलून दगा देणारा माणूस. सखाहरीनं घोकून घोकून पाठ केलं.

बाई निघायच्या दिवशी दौलतराव निरोप द्यायला आले. नोकरीचं आजच ठरायचं होतं. कुंपणाजवळच्या गवतात उभे राहून ते गोड गोड बोलत होते. पुन्हा या बाई, इथली हवा छान, पाणी छान, आणि साप म्हणाल तर औषधालासुद्धा नाही.

तेवढ्यात बाई टुणकन ओट्यावर चढली. "गवतात साप!"

या वेळी सखाहरीनं चिमटा आणला नाही, पाणी नाही, छत्री नाही. सरळ मागून गेला आणि दौलतरावांच्या कमरेला घट्ट मिठी घातली.

"बाई, धरलाय. आता काय करू?"

दौलतरावांनी खाली बघितलं. पायाशी हातभर नाग सरपटत होता. सखाहरीनंही बघितलं.

"बाई, तुम्ही एकच म्हणालात. इथं तर दोन आहेत."

दौलतराव रडकुंडीला आले. "सखाहरी, बाबा, सोड मला. नोकरी कायम करतो. पगार वाढवतो. अरे, तू तर माझा धाकटा भाऊ."

सखाहरीनं मिठी आणखी आवळली.

"ऐकलंत का बाई? मालक अजून गोडच बोलतायत."