पालथी ताटली

“मेलेल्या मातीचं सुतक किती दिवस पाळायचं, बाई?”

विश्राम उंबऱ्यातूनच बोलला. तेरदाळबाईंनी वर पाहिलं नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्या, तरी पडवीत जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या मांडून बसलेल्या असायच्या.

“कोणती माती?”

“जोगाईच्या राईतली. इथेच तर तपासली मी. औषध देईल असा एक जंतू उगवला नाही. काल गावसभेत तसं सांगूनही आलो.”

“मग?”

“मग काय! राई तोडून खाण काढायचं ठरतंय. आज संध्याकाळी शेवटची बैठक. तुम्हीही हो म्हणा, बाई. तुमचा शब्द गाव मानतं.”

अहो, गडी हुशारच! पण हुशारीला धीराचं वावडं. चालला होता गुरूची विद्या गुरूलाच शिकवायला.

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक ताटली होती. ती त्यांनी विश्रामच्या हातावर ठेवली.

मधोमध राखाडी, पिठूळ ठिपका. कडेने जंतूंची दाट साय. आणि ठिपक्याभोवती स्वच्छ कडं, त्यात एकही जंतू नाही.

विश्रामने ताटली उजेडात धरली. “हा तर बाकीच्यांना जवळही येऊ देत नाही! सोनं आहे हे, बाई, सोनं! कुठली माती?”

“पालथी कर.”

मातीचं आणि आपलं नाव ताटलीच्या बुडावर लिहायचं, ही बाईंचीच शिकवण. त्याने ताटली पालथी केली.

‘जोगाईची राई. विश्राम.’

अक्षर त्याचं. त्यावरची लाल फुलीही त्याचीच.

“महिनाभर थांब म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. “तू तिसऱ्या दिवशी रिकामी म्हणून टाकलीस. मी उचलून ठेवली. हा सावकाश उगवला. परवा भोवती जखम चिघळवणारे जंतू पेरले. आज सकाळी हे कडं.”

काल सभेत छाती फुगवून काय काय बोललो, त्यातला शब्द न् शब्द विश्रामला आठवला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्याला.

“चुकलो, बाई… फार लाज वाटते. सभेत तुम्ही चला ना. तुम्हीच सांगा. मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

बाईंनी फडकं ओलं केलं, पिळलं आणि त्याच्या हाती दिलं.

त्याने ताटली हळूच सुलटी केली. नाव खाली गेलं, फुली खाली गेली. तो गुंडाळू लागला.

बाईंनी त्याचा हात धरला.

“पालथीच ने.”